पाळीव श्वान व मार्जार यांचे निर्बीजीकरण : पूर्वतयारी आणि घरातील शुश्रूषा

प्रस्तावना :

निर्बीजीकरण हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर महानगरपालिकेची गाडी व रस्त्यावरील कुत्री उभी राहतात. घरातील प्राण्याचा विचार सहसा मनात येत नाही. वास्तविक, कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणासाठी केंद्र शासनाने २००१ मध्ये केलेले नियम आणि त्यांची जागा घेणारे २०२३ चे नियम या दोहोंतही पाळीव प्राण्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी त्याच्या मालकावरच ठेवलेली आहे. ही शस्त्रक्रिया पशुवैद्यक साधारणतः तासाभरात पूर्ण करतात, मात्र तिच्यानंतरचे दहा ते चौदा दिवस घरात काढावयाचे असतात. शस्त्रक्रियेतील चुकांपेक्षा घरातील अजाण मायेमुळे उद्भवणारा त्रास अधिक आढळतो, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. म्हणून येथे शस्त्रक्रियेच्या तंत्रापेक्षा घरातील कर्तव्यांचा विचार केला आहे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप व वेळ :

मादीमध्ये अंडाशय व बहुधा गर्भाशयही काढले जाते, तर नरामध्ये दोन्ही वृषण काढले जातात. दोन्ही शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊनच केल्या जातात. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, मग करावे’ ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. तिला वैद्यकीय आधार नाही. उलट, निर्बीजीकरण न झालेल्या प्रौढ मादीच्या गर्भाशयात माजानंतरच्या काही आठवड्यांत पू साठण्याचा विकार होऊ शकतो. तेव्हा तीच शस्त्रक्रिया तापाने व विषबाधेने खचलेल्या शरीरावर तातडीने करावी लागते.

मांजरांत चार ते सहा महिन्यांचे वय सामान्यतः योग्य मानतात. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र सरसकट नियम सांगता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, गोल्डन रिट्रीव्हरसारख्या काही मोठ्या जातींत एक वर्षाच्या आत निर्बीजीकरण केल्यास सांध्यांचे विकार वाढल्याचे आढळले. लहान जातींत तसे सहसा दिसले नाही. त्यामुळे मोठ्या जातीच्या कुत्र्याचे वय पशुवैद्यकाशी बोलूनच ठरवावे. कुत्री माजावर असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबणे हितावह असते. दिवाळीच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरवू नये, असेही सुचवावेसे वाटते. फटाक्यांना भिऊन पलंगावरून उडी मारणाऱ्या कुत्र्याचे टाके कसे टिकणार?

पूर्वतयारी :

लसीकरण व जंतनाशक औषध किमान दोन आठवडे आधी पूर्ण झालेले असावे. आपल्या हवामानात याहून महत्त्वाची बाब म्हणजे गोचीड. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, घटतात. कुत्रा वरवर खेळता-खाता दिसतो, परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त गोठत नाही. रक्ततपासणीचा खर्च अनेकांना अनावश्यक वाटतो, पण गोचीड झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत ती कदापि टाळू नये. तसेच पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भुलीत श्वसनाचा धोका अधिक असतो. दूरध्वनीच्या एका गाजलेल्या जाहिरातीनंतर ही जात घरोघरी आली, तिच्या श्वासाची अडचण मात्र जाहिरातीत दिसली नाही.

उपवासाचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. निरोगी प्रौढ प्राण्याला रात्रीच्या जेवणानंतर सामान्यतः काही देत नाहीत. अलीकडे काही पशुवैद्यक चार ते सहा तासांचा उपवासही पुरेसा मानतात. पाणी सकाळपर्यंत चालते. अगदी लहान पिल्लांना दीर्घ उपवास घडल्यास रक्तातील साखर उतरते, म्हणून त्यांची वेळ वेगळी असते व ती विचारून घ्यावी. उपवासाचे कारण साधे आहे. भुलीत गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते आणि पोटातील अन्न उलटून फुप्फुसांत गेल्यास प्राण संकटात येतो. तथापि, ‘मुक्या जिवाला उपाशी कसे पाठवायचे’ म्हणून घरातील कोणीतरी पहाटे दूध-पोळी देते आणि रागावतील या भीतीने डॉक्टरांपासून ते लपविले जाते. असे घडल्यास ते स्पष्टपणे सांगावे. फार तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल.

घरी आणल्यानंतर :

पहिल्या रात्री प्राणी झिंगलेला असतो, कण्हतो, कधी अंगावर धावून येतो. मांजराचे डोळे भुलीच्या काही औषधांमुळे उघडेच राहतात, त्याने घाबरून जाऊ नये. त्याला जमिनीवर, उबदार व मंद उजेडाच्या जागी ठेवावे. पलंग, गच्ची व जिना यांपासून दूर ठेवावे. पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडे पाणी व नेहमीच्या निम्मे अन्न पुरे.

वेदनाशामक औषध पशुवैद्यकाने दिलेलेच द्यावे. घरातील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निरुपद्रवी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. कुत्र्यांना आयबुप्रोफेन घातक ठरते. जखमेवर हळद किंवा तेलही लावू नये. त्यांच्या वासाने प्राणी जखम अधिकच चाटतो आणि टाक्यांची खरी अवस्था झाकली जाते.

गळ्यातील शंकूच्या आकाराची कॉलर हा सर्वाधिक उपेक्षित उपाय होय. ‘बिचाऱ्याला त्रास होतो’ म्हणून ती रात्री काढतात आणि सकाळी टाके उसवलेले सापडतात. टाके काढेपर्यंत किंवा ते विरेपर्यंत ती जेवणाच्या वेळेखेरीज काढू नये. या काळात आंघोळ, उड्या व इतर कुत्र्यांशी झोंबाझोंबी वर्ज्य समजावी. पावसाळ्यात ओलसर जखमेवर माशा बसून अळ्या पडतात, म्हणून फिरवून आणल्यावर पोट कोरडे करावे.

जखम दिवसातून दोनदा पाहावी. किंचित लाली व सूज स्वाभाविक आहे. मात्र हिरड्या पांढुरक्या दिसणे, पोट फुगणे, जखमेतून सतत रक्त किंवा पू येणे, वारंवार उलट्या होणे, चोवीस तासांनंतरही अन्नाला तोंड न लावणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. पांढुरक्या हिरड्या म्हणजे पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते आणि तेथे तासांचा प्रश्न असतो.

नराच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते. वृषण काढल्यानंतरही काही आठवडे त्याच्या शरीरात शुक्राणू शिल्लक असू शकतात, म्हणून महिना-दीड महिना त्याला निर्बीजीकरण न झालेल्या मादीपासून दूर ठेवावे. नर असो वा मादी, निर्बीजीकरणानंतर शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. वजन वाढण्यास शस्त्रक्रियेला दोष दिला जातो, परंतु वाटीतील भात तेवढाच राहिलेला असतो. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तो सुमारे एक-पंचमांशाने कमी करावा व महिन्यातून एकदा प्राण्याचे वजन करून पाहावे.