कलावंत विद्यार्थी आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी

आपल्या सुरगाणा तालुक्यात कलेला तोटा नाही. बोहाड्याचे मुखवटे, डोंगऱ्या देवाच्या उत्सवातील पावरी, भिंतीवरची चित्रे हे सारे शाळेबाहेर, वडीलधाऱ्यांकडून शिकलेले ज्ञान आहे. परंतु मुलगा वा मुलगी बारावी झाली की घरात एकच प्रश्न उभा राहतो : चित्रे काढून पोट भरणार काय ? मग एक तर कुंचला सुटतो, नाही तर कॉलेज सुटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत या दोन्ही गोष्टी सांभाळण्याची वाट आहे. ती विद्यार्थी व पालकांना समजावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

श्रेयांकांचे खाते

या शिक्षणाचा हिशेब श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होतो. सत्रभरात पंधरा तास तासिका झाल्या की एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला तीस तास लागतात. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक हवेत. हे श्रेयांक 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. मात्र आमच्या बँकेतील ठेवीप्रमाणे ते कायमचे नसतात. त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे आहे.

शाखांच्या भिंती

पूर्वी कला शाखेचा विद्यार्थी विज्ञानाच्या वर्गात पाऊल ठेवत नसे. आता मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. शिवाय महाराष्ट्रात खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतूनच निवडावा लागतो. ललित कलांनाही सहअभ्यासक्रमात श्रेयांक आहेत. समजा, एखाद्या मुलीने मराठी हा मुख्य विषय घेतला आणि कॉलेजात सोय असल्यास वनस्पतिशास्त्राची ओळख करून घेतली, तर झाडापानांचे रंग तिला नव्याने कळतील. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो. आपल्या बोहाड्याचा अभ्यास हा असा प्रकल्प का होऊ नये ?

ज्यांना कलाच मुख्य विषय म्हणून शिकायची आहे, त्यांच्यासाठी मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय आहे. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संगीत, नृत्य व नाट्य यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. शाळेत असतानाच एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्यास पुढे उपयोग होतो.

सावधगिरीची गोष्ट

या योजनेत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी कौशल्याचा जादा अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. अडचणीतल्या घरी ही सोय वाटेल. पण प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. जेथे नोकरीला पदवी लागते, तेथे ते चालणार नाही. आपल्या मुलांनी दार उघडे दिसले म्हणून मध्येच बाहेर पडू नये. परिस्थितीने थांबावेच लागले, तर मुदतीत परत यावे.

प्रवेश घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : येथे चौथे वर्ष आहे काय ? आपल्या आवडीचा दुय्यम विषय मिळेल काय ? वसतिगृहाचे काय ? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. दोन्हींच्या अटी व अर्जाची मुदत आधीच पाहावी.

जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली आणि २०११ साली पद्मश्री मिळविली, ती विद्यापीठाच्या पदवीवर नव्हे. कला पदवीवाचून जगते, हे खरेच. परंतु कलावंताच्या घरची चूल पेटती राहावी आणि आपल्या कलेविषयी आपल्याच माणसाने अधिकाराने लिहावे, यासाठी पदवी हवी. सभासदांनी आपल्या वस्तीतील चित्र काढणाऱ्या, वाजविणाऱ्या एका तरी मुलास ही माहिती द्यावी, हीच विनंती.