मागची सीट

"दाब."

गाडीत बसलेला मुलगा ब्रेकच्या पेडलवर पाय देतो.

"पुन्हा. पुन्हा. आता धर. सोडू नको हां."

मागच्या डाव्या बाजूला पोतं अंथरून एक मुलगी गाडीखाली शिरली आहे. तिच्या हातातला पाना एवढासाच फिरतो आणि निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून पिवळसर ब्रेक ऑईल धावतं, त्याच्याबरोबर बुडबुडेही. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवलेलं आहे. बुडबुडे तिथं वर येऊन फुटतात. पेडल तळाला गेल्याचं आतला मुलगा सांगतो. ती आधी निपल आवळते, मग म्हणते, "सोड आता." हा क्रम चुकला, पेडल आधी सुटलं, तर नळीतले बुडबुडे उलटे आत जातात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

"हवा येऊ लालीय अजून," ती गाडीखालून सांगते.

नांदेडमधल्या एका चर्चचं हे आवार. मे महिन्यातला शनिवार आहे, दुपार कलली तरी ऊन उतरलेलं नाही. कडुनिंबाखाली लाकडी ठोकळ्यांवर पांढरी ॲम्बॅसिडर चढवलेली आहे, चारही चाकं काढून भिंतीला टेकवली आहेत. तिच्याभोवती चर्चच्या तरुण संघाची मुलं-मुली आहेत. एकजण आयटीआयला आहे, एकजण विष्णुपुरीच्या गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत मेकॅनिकलला, बाकीचे कुणी बँकेत, कुणी मोबाईलच्या दुकानात. गाडीखाली आहे ती मुलगी लातूरला नीटच्या क्लासला असते आणि शनिवारी एसटीनं घरी येते. आज येताना तिनं पिशवीतून व्हील सिलिंडरचे रबरी वॉशर आणलेत. चर्चचं नाव लिहू नका, असं पाळकसाहेबांनी मला फाटकातच सांगितलंय, म्हणून लिहीत नाही.

सगळ्यांचे उस्ताद मात्र या मंडळीतले नाहीत. देगलूर नाक्याकडच्या एका गॅरेजात उभा जन्म ॲम्बॅसिडर आणि जीपगाड्यांत घालवलेले, साठी ओलांडलेले चाचा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आहेत. मजुरी घेत नाहीत आणि पान्याला हातही लावत नाहीत. मी कारण विचारतो. "मैंच करा तो ये पोट्टे कब सीखते?" एवढंच म्हणून ते पुन्हा बाटलीकडे बघू लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं, मग जवळ जवळ यायचं, हे त्यांनी सकाळी एकदा सांगितलं. त्यानंतर त्यांनी कुणाला टोकलेलं नाही.

गाडीला अजून रंग नाही. दरवाज्यांच्या खालच्या कडेचा गंजका पत्रा कापून नवा जोडलाय, त्यावर लांबी भरून घासलीय, ते राखाडी डाग जागोजागी दिसतात. रंगाचा खर्च उचलायला एक गृहस्थ पहिल्याच आठवड्यात तयार होते. मुलांनी त्यांना थांबवून ठेवलंय. पैसे आधी ब्रेकला, स्टेअरिंगला आणि टायरांना, रंग सगळ्यात शेवटी, असा तरुण संघाच्या बैठकीत ठराव झालाय. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. चमकणारी गाडी चर्चच्या दारात उभी राहिली असती, फोटो निघाले असते, मंडळीनं टाळ्या वाजवल्या असत्या. या मुलांनी आधी हात घातला तो कुणाला दिसणार नाही अशा जागी.

ही गाडी का हवी, ते नांदेड-लातूरकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि तिनं असंख्य जीव वाचवले. पण ती अपघाताला, बाळंतपणाला, छातीत कळ आली तर येते. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसासाठी ती नाही. लोहा, कंधार, मुखेडकडच्या खेड्यांतून असा माणूस पहाटे फाट्यावर येऊन एसटीची वाट बघतो. यंत्रावर चार-चार तास काढतो. मग डोकं गरगरत असताना, पायांत गोळे येत असताना पुन्हा स्टँड गाठतो. बसायला जागा मिळालीच तर मिळाली. खासगी जीप करायची तर औषधाचे पैसे भाड्यात जातात. शेवटी घरातलंच कुणीतरी म्हणतं, या खेपेला राहू द्या. मराठवाड्यात किती आजारपणं अशा "राहू द्या"नं संपली असतील, याचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून ही गाडी. खासगी नोंदणीच्या गाडीनं भाडं घेता येत नाही, आणि मुलांना घ्यायचंही नाही.

चर्चच्या आतून पेटीचे सूर येताहेत. सुट्टीतल्या बायबल शाळेची लहान मुलं उद्याच्या उपासनेसाठी गाणं बसवताहेत, 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातलं. तबला वाजवणारा मुलगा अधूनमधून खिडकीशी येऊन गाडीकडे बघून जातो.

ॲम्बॅसिडरच का, असं मी मेकॅनिकलच्या मुलाला विचारतो. तो मागचं दार उघडून दाखवतो. सीट रुंद आणि सलग आहे; आजारी माणूस गुडघे जरा दुमडून सरळ आडवा होऊ शकतो. छत उंच, त्यामुळं पागोटं काढावं लागत नाही. खाली पाट्यांची स्प्रिंग, ती खेड्यातल्या रस्त्याचे धक्के सोसते. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली ही गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली. आता कारखाना बंद आहे आणि सुटे भाग शोधावे लागतात. "पण यात कॉम्प्युटर नाही," तो मुलगा म्हणतो, "जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं." ब्रेकचे ड्रम त्यांनी लातूरच्या एमआयडीसीत लेथवर टर्निंग करून आणलेत. चांगले ड्रम फेकायचे नाहीत, घासून गुळगुळीत करून पुन्हा वापरायचे. त्या कामाचे पैसे हंगामाच्या सणातून आले. मंडळीतल्या शेतकऱ्यांनी वेदीपुढं ठेवलेली ज्वारी, भोपळे, अंडी, एक कोंबडा, असं सगळं लिलावात निघालं होतं.

नंबरप्लेट एमएच २४ ची आहे, म्हणजे लातूरची. औसा तालुक्यात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांची ही गाडी. ते गेल्यावर ती कितीतरी वर्षं शेडमध्ये पडून होती. घरच्यांनी यंदा ती चर्चला दिली. टेम्पोवर घालून चाकूर, अहमदपूर, लोहा करत ती नांदेडला आली. डॉक्टरांचे कंपाउंडर आता मुलाकडे नांदेडला राहतात. ते रोज संध्याकाळी इथं येतात आणि ओट्यावर बसतात. मी शेजारी जाऊन बसतो.

"गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते," ते बोलू लागतात. किल्लारीचा भूकंप: ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. ते आकडे सांगत नाहीत. सांगतात ते अंधार, धूळ आणि माती-दगडांच्या रुंद भिंतींखालून येणाऱ्या हाका. किल्लारीकडं निघालेल्या डॉक्टरांच्या शेजारी ते पुढं बसले होते. उजाडल्यावर गाडीनं जखमींना लातूरच्या दवाखान्यांत न्यायला सुरुवात केली. "मागच्या सीटवर आडवं घालायचं, डोकं मांडीवर घ्यायचं. पोहोचवलं की माघारी. किती खेपा झाल्या ते कुणी मोजलं नाही." थोडा वेळ ते गप्प बसतात. मग म्हणतात, "सीटचं कापड नंतर डॉक्टरसाहेबांनी बदललं. पाठ तीच हाय."

ही गोष्ट गाडीजवळच्या सगळ्या मुलांना ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता.

पाळकसाहेब चहा घेऊन येतात. मी त्यांना विचारतो, की याला सेवाकार्य म्हणायला मंडळीतल्या सगळ्यांची तयारी होती का? नव्हती, ते सरळ सांगतात. कुणाचं म्हणणं, तरुणांनी प्रार्थनासभा वाढवाव्यात. कुणाचं म्हणणं, वर्गणी काढून नवी गाडीच घ्यावी. मग त्यांनी एका रविवारी मार्कच्या दुसऱ्या अध्यायावर उपदेश केला. चौघे जण एका लुळ्या माणसाला बाजेवर उचलून आणतात, गर्दीमुळं दारातून शिरता येत नाही, म्हणून छप्पर उकलून त्याला खाली सोडतात, ती गोष्ट. गाडीखालची मुलगी आता बाहेर येऊन हात पुसतेय, तिनं आमचं बोलणं ऐकलंय. "बरं करणारा प्रभू आहे," ती म्हणते, "आम्ही बाजेचे खूर धरणारे चौघे."

मला जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांच्या हातात आरोग्याचं ज्ञान दिलं. रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी आधी मान्य केलं, म्हणून त्यांना पुढची वाट दिसली. या आवारातलं काम त्या मानानं फार लहान आहे. पण सुरुवात त्याच मान्यतेपासून झाली आहे, आणि म्हणूनच मला ते खरं वाटतं.

"बुडबुडा बंद!" पुढच्या उजव्या चाकाकडून आरोळी येते. चाचा पहिल्यांदाच खुर्चीवरून उठतात. स्वतः सीटवर बसून पेडल दाबतात. पेडल अर्ध्यात येऊन घट्ट थांबतं. ते पाय तसाच ठेवून बसतात, पेडल खाली सरकतं का ते बघतात. सरकत नाही. ते मान हलवतात.

चाकं चढतात, ठोकळे निघतात. सगळे हात धुवून गाडीभोवती उभे राहतात; पाळकसाहेब दोन वाक्यांची प्रार्थना करतात. चाचा थोडे बाजूला, टोपी नीट करून उभे. मग आयटीआयचा मुलगा स्टार्टर मारतो. दोनदा खोकून इंजिन लागतं. आवारातच, फाटकापासून ओट्यापर्यंत, गाडी हळू चालवून ब्रेक मारला जातो. गाडी थांबते, पण तोंड डावीकडं ओढते.

"क्यूं खिंची?" चाचा विचारतात. कुणी टायरची हवा म्हणतं, कुणी स्टेअरिंग. लातूरची मुलगी वाकून दोन्ही पुढची चाकं बघते. "डावा ब्रेक आधी धरतोय. उजव्याचे शू लांब राहिलेत." चाचा तिच्या हातात पाना देतात. ती उजव्या चाकाचं ॲडजस्टर फिरवते, चाक हातानं फिरवून कान लावते, शू घासू लागला की जरासं मागं घेते. दुसऱ्या फेरीत गाडी सुतात थांबते. सोमवारी ती आरटीओत तपासणीला न्यायची आहे; नोंदणीचं नूतनीकरण झालं, विम्याचा कागद हातात आला, की मगच माणूस बसवायचा, यावर पाळकसाहेब ठाम आहेत.

तरी एक माणूस आज उभ्या गाडीत बसतो. लोहा तालुक्यातल्या एक मावशी सकाळी डायलिसिस करून, संध्याकाळच्या एसटीच्या आधी, नवऱ्याबरोबर इथं आल्यात. कंपाउंडरकाकांनी त्यांना मुद्दाम बोलावलंय, कारण मंगळवार-शनिवारची पहिली फेरी त्यांचीच ठरलीय. त्या डाव्या बाजूच्या मागच्या दाराशी येतात, पाय उचलतात आणि अडखळतात. आत बसल्यावर हळूहळू पाय लांब करून बघतात. "मोकळं हाय," म्हणतात. मग दाराकडं बघत, "पण चढताना धरायला कायतरी पायजे बाबा."

हे कुणाच्या यादीत नव्हतं. आयटीआयचा मुलगा टेप काढतो. दोन दारांमधल्या खांबावर पाईपचा दांडा वेल्ड करता येईल, तो खांबावर खडूनं खूण करतो.

"मावशी, या हातानं धरता येईल ना? डाव्या?"

"डाव्यात सुया टोचतात. त्या हातावर जोर द्यायचा नाही म्हणलंय डॉक्टरनं."

तो खूण पुसतो. गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला जातो, तिकडचं मागचं दार उघडतो, स्वतः चढून बघतो. तिथून खांब उजव्या हाताला येतो. "मग तुम्ही इकडून बसायचं," तो मावशींना सांगतो.

"ती बाजू रस्त्याची," चाचा म्हणतात. "गाडी दरवाजे के अंदर लेना. रोड पे नक्को उतारना."

लातूरची मुलगी वहीत लिहून घेते: उजवं दार, दांडा, गाडी फाटकाच्या आत. मग मावशींच्या नवऱ्याला विचारते, तुमच्या घरापर्यंत गाडी जाते का, की पुढं पांदण आहे?