लोहितांग ज्वर

लोहितांग ज्वर : (स्कार्लेट फीवर). ताप, घशाचा शोथ (दाहयुक्त सूज) आणि अंगभर उठणारे लालभडक पुरळ ही प्रमुख लक्षणे असलेल्या तीव्र संसर्गजन्य रोगास लोहितांग ज्वर म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लिश वैद्य टॉमस सिडनम यांनी गोवराहून वेगळा रोग म्हणून त्याचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेत तो बालमृत्यूचे एक मोठे कारण होता. मुख्यत्वे ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना तो होतो.

कारणे : ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस सूक्ष्मजंतूंमुळे हा रोग होतो. खोकताना वा शिंकताना उडणाऱ्या तुषारांवाटे, तसेच निकट सहवासातून संसर्ग पसरतो. जंतूंची वाढ बहुधा घशातच होते. पुरळ मात्र त्यांनी निर्माण केलेले विष रक्तावाटे शरीरभर पसरल्याने उठते. हे विष तयार करण्याची क्षमता जंतूंना त्यांच्यात शिरलेल्या विशिष्ट व्हायरसांमुळे प्राप्त होते. ज्याच्या रक्तात या विषाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, त्याला त्याच जंतूंमुळे केवळ घसादुखी होते. अशी विषे एकाहून अधिक प्रकारची असल्याने रोग पुन्हाही होऊ शकतो. जॉर्ज व ग्लॅडिस डिक या अमेरिकन दांपत्याने १९२३–२४ मध्ये रोगाचे कारण व विषाचे कार्य सिद्ध केले.

लक्षणे : परिपाककाल सामान्यतः २ ते ४ दिवसांचा असतो. सुरुवात अकस्मात होऊन ताप ३९° ते ४०° से.पर्यंत चढतो; घसादुखी, डोकेदुखी व वांत्या होतात आणि मानेतील लसीका ग्रंथी सुजतात. एक-दोन दिवसांत मान व छातीवर बारीक पुरळ उठून ते सर्वांगावर पसरते. त्वचा लाल व स्पर्शास पॉलिश कागदासारखी खरखरीत लागते. दाबल्यास लाली क्षणभर नाहीशी होते. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नसल्याने तेथे हा खरखरीतपणाच अधिक उपयुक्त ठरतो. गाल लाल होतात, पण तोंडाभोवतीची त्वचा फिकट राहते. काख व कोपराच्या घड्यांत गडद लाल रेषा दिसतात. जिभेवर प्रथम पांढरा थर येतो. तो गळून पडल्यावर ती स्ट्रॉबेरीसारखी लाल व दाणेदार दिसते. सुमारे आठवड्याने पुरळ मावळते व पुढे विशेषतः बोटांच्या टोकांवरील त्वचेचे पापुद्रे सुटतात.

उपद्रव : मध्यकर्णशोथ व गिलायूंभोवती गळू हे तात्कालिक उपद्रव होत. खरा धोका नंतरचा असतो. बरे वाटू लागल्यावर काही आठवड्यांनी संधिज्वर होऊन हृदयाच्या झडपा कायमच्या विकृत होऊ शकतात. काहींना वृक्कशोथ (मूत्रपिंडाचा दाह) होतो.

निदान व चिकित्सा : लक्षणांवरून निदान होते व घशातील स्रावाच्या जंतुसंवर्धनाने ते निश्चित करता येते. पेनिसिलीन वा ॲमॉक्सिसिलीन १० दिवस देतात. पेनिसिलीनची ॲलर्जी असल्यास अन्य प्रतिजैविक वापरतात. उपचार सुरू झाल्यावर सुमारे २४ तासांत रुग्णाची संसर्गक्षमता संपते व ताप लवकर उतरतो. तथापि संधिज्वर टाळण्यासाठी औषधाचा संपूर्ण क्रम पुरा करणे अत्यावश्यक असते. पुरळ आपोआप मावळते, म्हणून उपचार अर्धवट सोडणे घातक ठरू शकते. या रोगावर लस उपलब्ध नाही. प्रतिजैविकांमुळे मृत्यूचे प्रमाण अत्यल्प झाले असले, तरी रोग नष्ट झालेला नाही. २०११ मध्ये हाँगकाँगमध्ये आणि २०१४ पासून इंग्लंडमध्ये रुग्णसंख्या पुन्हा लक्षणीय वाढल्याचे आढळले.