न झोपण्याच्या अटीची वीस वर्षं

लिनक्स कर्नलमध्ये केप्रोब्सची सोय 2004 साली, 2.6.9 आवृत्तीत आली. चालू कर्नलमध्ये जवळपास कुठेही आपला कोड टांगून आत काय चाललंय ते टिपता येऊ लागलं, आणि त्यात आयबीएमच्या प्रसन्न पंचमुखी, अनंत माविनकायनहळ्ळी अशा भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा होता. अट मात्र कडक होती. टिपणाऱ्या कोडने झोपायचं नाही, म्हणजे मेमरीची, डिस्कची किंवा लॉकची वाट पाहत प्रोसेसर सोडायचा नाही. हा कोड दुसऱ्याच्या कामात मध्येच घुसतो आणि त्या दुसऱ्याने स्पिनलॉक, म्हणजे बाकीच्यांना जागेवरच घिरट्या घालत थांबवणारं लॉक, धरलेलं असू शकतं. नाशिकच्या इंदिरानगर बोगद्यात ऐन गर्दीच्या वेळी कुणी गाडी बंद करून थांबलं, तर मागच्यांची जी गत होते तीच इथे होते. ही अट सरसकट उठवावी असं म्हणणारे आहेत. मला मात्र या वीस वर्षांचा पुरावा उलट बाजूचा वाटतो. अट नेमकी कुठे लागते हे कर्नल स्वतः सांगू लागलं, तसतसं ट्रेसिंग भरवशाचं झालं.

मुळात हा दोष लपून राहतो. जीएफपी-कर्नल फ्लॅग देऊन केमॅलॉकने मेमरी मागितली की ती मुबलक असेपर्यंत लगेच मिळते. चाचणीत सगळं सुरळीत दिसतं आणि मेमरी आटल्यावर त्याच ओळीवर मशीन अडकतं. म्हणून ‘माइट स्लीप’ ही तपासणी मोलाची. झोप लागण्याची नुसती शक्यता दिसली तरी ती इशारा देते. इशाऱ्याची वरची ओळ झोपणारं फंक्शन दाखवते, पण मूळ चूक बहुधा ‘प्रिएम्प्शन डिसेबल्ड अॅट’ या ओळीत सापडते, आणि घाईत नेमकी तीच वाचायची राहते. या तपासणीने वेग घटतो हा आक्षेप खरा आहे, पण तो सर्व्हरपुरता. चाचणीच्या मशीनवर ती बंद ठेवण्याला सबब नाही. शिवाय प्रिएम्प्ट काउंट, म्हणजे सध्या झोपायला मनाई आहे का याची मोजणी, न ठेवणाऱ्या कर्नलला आपण स्पिनलॉक धरलंय हे कळतच नाही. ही तपासणी चालू केली की ते मोजणंही आपोआप सुरू होतं.

बंदीची किंमतही खरी आहे. फाइल उघडण्याच्या सिस्टिम कॉलवर नाव टिपायला जावं, तर ते असलेलं पान कधी कधी मेमरीत आलेलंच नसतं. पान आणायचं तर झोपावं लागतं, त्यामुळे नोंद कोरी राहते. यावर 5.10 मध्ये, डिसेंबर 2020 ला, झोपू शकणारे बीपीएफ प्रोग्राम, म्हणजे चालू कर्नलमध्ये उतरवता येणारे छोटे प्रोग्राम, आले. पण तसा प्रोग्राम आधी तसं जाहीर करतो, प्रोग्राम आधी तपासणारा कर्नलचा व्हेरिफायर त्याला ठरावीक जागीच परवानगी देतो आणि खाली त्यासाठी पॉल मॅकेनी यांनी रचलेला वेगळा आरसीयू, म्हणजे वाचणाऱ्यांना न अडवता डेटा बदलण्याची यंत्रणा, असतो. जानेवारी 2025 च्या 6.13 मध्ये सिस्टिम कॉलच्या ट्रेसपॉइंटांना पेज फॉल्ट सोसण्याची पायाभूत सोय मिळाली. कॉलच्या उंबरठ्यावर कर्नलने अजून कुठलंच लॉक घेतलेलं नसतं, म्हणून तिथे ते जमतं. त्याच्या आधीच्याच 6.12 मध्ये मात्र रिअल-टाइम कामासाठीचं प्रिएम्प्ट-आरटी मुख्य कर्नलमध्ये आलं आणि त्यात साधं स्पिनलॉकसुद्धा झोपतं. वर्षानुवर्षं बिनचूक चाललेला टिपणारा कोड, म्हणजे हँडलर, तिथे चुकीचा ठरू शकतो. त्याला तिथेही न झोपणारं रॉ स्पिनलॉक लागतं. अशा कर्नलवर तपासणी चालू ठेवून न पारखलेला जुना ट्रेसिंग कोड निर्धोक मानायला आज काही आधार नाही.