संकष्टीच्या सकाळी जुहूला जा

जुहू, वर्सोवा, मढ या किनाऱ्यांवर एक दिवस घालवायचा असेल तर रविवार शोधू नका, तिथी शोधा. सगळ्यात सोयीची तिथी म्हणजे संकष्टी. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती ठळक छापलेली असते आणि त्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर सकाळची ओहोटी पावणेनऊच्या आसपास पुरी होते. मार्गशीर्ष असो की वैशाख, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरला तर दर संकष्टीला हेच घडतं.

कोकणकिनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरती किती वाजता पुरी होणार ते कळतं. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, तिथून सव्वासहा तास मागे गेलं की पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, द्वितीयेला दीडला. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब बदलत नाही. घड्याळ नाही, तक्ता नाही, नुसती पाऊणकी पाठ असली की झालं.

पण पाऊणच का? इथे मला दर वेळी थक्क व्हायला होतं. आपल्या पंचांगात तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून आणखी बारा अंश पुढे सरकायला लागणारा काळ. पृथ्वी स्वतःभोवती तासाला पंधरा अंश फिरते. म्हणजे रोज बारा अंशांनी पुढे गेलेल्या चंद्राला पुन्हा गाठायला तिला 48 मिनिटं जादा फिरावं लागतं. भरती चंद्राच्या मागे धावते, म्हणून तीही रोज तेवढ्याच उशिरा येते. 48 मिनिटं म्हणजे जवळपास पाऊण तास. होडीवर बसून तोंडी करायचा हा हिशेब थेट आकाशातल्या कोनांवर बेतलेला आहे.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात ओढतात आणि भरती-ओहोटीतला फरक घटतो, तो भांग. उधाणाचा खरा जोर मात्र पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. म्हणून संकष्टीपर्यंत पाणी अजून चांगलं लांब हटतं, आणि ते हटतं तेही उन्हं तापायच्या आधी. मुंबईत उधाणाला पाण्याची पातळी साडेचार मीटरच्या घरात वरखाली होते. गोव्यात हा फरक याच्या निम्म्यावर येतो, तर भावनगरला तो दहा मीटरपर्यंत जातो. मुंबईसमोरचा समुद्रतळ फार लांबवर उथळ आहे आणि उत्तरेला खंभातचं आखात निमुळतं होत जातं, त्यामुळे लाट जसजशी वर सरकते तसतशी फुगत जाते.

जुहू स्वतःच या पाण्याने घडवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात ते साष्टीच्या पश्चिमेला एक वेगळं, लांबट, अरुंद बेट होतं. समुद्रसपाटीपासून मीटर-दोन मीटर वर आलेला वाळूचा दांडा, एवढंच. ओहोटी लागली की मधल्या खाडीतून चालत तिथे जाता येई. 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटांचं छोटं विमान उतरलं तेही इथल्याच धावपट्टीवर. पावसाळ्यात त्या जमिनीचा चिखल व्हायचा, म्हणून विमानं पुण्याला हलवावी लागत.

भेळ, गोळा, उंट हे सगळं संध्याकाळचं जुहू. सकाळी साडेसातला पोचा. पाणी हटत असतं तेव्हा ओल्या वाळूवर गव्हाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या असंख्य गोळ्या पसरलेल्या दिसतील. लांबून ती घाण वाटते. खाली बसून पाहिलं तर प्रत्येक बारीक भोकाभोवती त्या गोळ्यांच्या ओळी सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या असतात. नखाएवढा एक खेकडा बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, वाळूच्या कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे ढकलतो. मग पुढचा घास. एक वाट तो मुद्दाम मोकळी ठेवतो, संकट आलं तर भोकात पळायला. तुमची सावली पडली की सगळे एकदम गायब. दोन-चार मिनिटं हलू नका, ते परत येतात. दोन भरत्यांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढ्यातच त्यांना पोट भरायचं असतं आणि पुढची भरती सगळी नक्षी पुसून टाकते.

आता शिंपले बघा. काही शिंपल्यांना कडेला अगदी गोल, गुळगुळीत भोक असतं. मुलं त्यात दोरा ओवून माळ करतात. हे भोक पडलं ते शिकारीत. गोल, चकचकीत शंखाची एक समुद्री गोगलगाय वाळूखाली शिंपल्याला मिठी मारते, आम्लाने कवच मऊ करते, मग दातेरी जिभेने खरवडत आरपार जाते आणि आतला जीव खाते. वाळूवर रबरासारखा लवचिक, शर्टाच्या कॉलरच्या आकाराचा पट्टा सापडला तर तोही तिचाच. वाळू आणि चिकट द्रव यांच्या त्या पट्टीत तिची हजारो अंडी असतात. प्लास्टिक समजून ती फेकू नका.

खडकांच्या डबक्यांत समुद्रफुलं असतात, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे असतात. दगडाला चिकटलेली खरबरीत पांढरी बार्नेकल आपण पायाखाली तुडवतो. तो जीव खेकड्याच्या नात्यातला आहे. लहानपणीच तो डोकं खाली करून दगडाला कायमचा चिकटतो आणि पुढचं सगळं आयुष्य पाय हलवून अन्न तोंडाकडे ओढतो. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा 2017 मध्ये सुरू झालेला नागरिकांचा उपक्रम जुहूसह अनेक किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातो आणि सापडलेल्या जिवांची नोंद ठेवतो. पहिल्यांदा जाताना अशा जाणत्या माणसांबरोबरच जावं. शेवाळलेला खडक निसरडा असतो, पाणी फिरलं की आधी परतायचं आणि पावसाळ्यात निळे, फुग्यासारखे ब्लूबॉटल दिसले तर हात लावायचा नाही. त्यांचा डंख किनाऱ्यावर पडल्यावरही लागतो.

दहाच्या सुमारास वर्सोव्याकडे वळा. वाटेत आहे ती वाळू 2015 च्या आधी कचऱ्याने झाकलेली होती. वकील अफरोज शाह यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सफाई सुरू केली, शेकडो लोक जोडले गेले आणि मार्च 2018 मध्ये इथून ऑलिव्ह रिडले कासवांची ऐंशी-एक पिल्लं समुद्रात गेली. लोकांनी हाताने कचरा उचलला म्हणून हे झालं, याचं मला फार मोल वाटतं.

वर्सोव्याच्या जेट्टीवरून मढला जाणारी फेरी काही मिनिटांचीच, पण त्या मिनिटांत समोर नांगरलेल्या होड्यांवर लक्ष ठेवा. इथली डोल मासेमारी भरती-ओहोटीवरच चालते. डोल म्हणजे पिशवीसारखं लांब, निमुळतं जाळं. ते समुद्रात रोवून ठेवतात, तोंड प्रवाहाकडे. कुणी माशाचा पाठलाग करत नाही, भरतीचा किंवा ओहोटीचा ओढाच बोंबील, जवळा, कोळंबी आत लोटतो. ओढा थांबला आणि पाणी उलटं फिरायच्या आत जाळं उचलायचं. भांगात ओढा मंदावतो, तेव्हा मासळीही कमी. म्हणून कोळ्याला तिथी विचारा, पटकन सांगेल. पाऊस संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत मढच्या बाजूला बांबूंवर बोंबील ओळीने लटकताना दिसतात. वास येणारच. बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त, म्हणून तो ताजा लवकर खराब होतो आणि वाळवला तर महिनोन्‌महिने टिकतो. मढचा पोर्तुगीज किल्ला 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. आता तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, बाहेरूनच बघावा लागतो. जेवण मात्र कोळीवाड्यातच करा.

दुपारी तीनला परतताना सकाळी जिथे खेकडे बघितले तिथे पाणी आलेलं असेल.

शेवटचा तासभर अंधेरीच्या गिलबर्ट हिलसाठी राखा. इमारतींच्या गर्दीतून सरळ वर गेलेला सुमारे 60 मीटरांचा काळा कातळ, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा निवताना आक्रसला, त्याला भेगा पडल्या आणि उभे बहुकोनी खांब तयार झाले. त्या भेगा साधारण 120 अंशांत फुटतात, कारण कमीत कमी चिरांत जास्तीत जास्त ताण त्यामुळेच मोकळा होतो. पायऱ्या चढून वर गेलात की पश्चिमेला समुद्र दिसतो.

दिवसभर जिच्या वेळा पाळल्या त्या भरती-ओहोटीच्याच घर्षणाने पृथ्वीची गती हळूहळू मंदावते आणि चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर जातो. ओमानमध्ये सापडलेल्या सात कोटी वर्षांपूर्वीच्या एका शिंपल्यात रोजच्या वाढीचे थर शास्त्रज्ञांनी मोजले, तो अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी वर्षात 372 दिवस होते. गिलबर्ट हिलचा कातळ निवत होता तेव्हाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा जवळपास अर्ध्या तासाने लहान होता.