संगणकांचे जाळे आणि त्याची राखण

ग्रामपंचायत, शाळा, तहसील कचेरी, बँक व जिल्हा परिषद यांचा बराचसा कारभार आज परस्परांना जोडलेल्या संगणकांवर चालतो. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर केबल नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. या जोडणीमुळे कामाला वेग येतो, हे उघडच आहे. परंतु तिच्याबरोबर एक सामाईक जबाबदारीही येते. जाळ्यात एकाची गफलत ही एकट्याची राहत नाही.

जाळे कसे चालते?

कार्यालयातील संगणक, प्रिंटर इत्यादी साधने स्विच नावाच्या पेटीत जोडलेली असतात. एक जाळे दुसऱ्या जाळ्याशी जोडण्याचे काम राउटर करतो. पाठविलेला मजकूर सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. टपालाच्या पाकिटाप्रमाणे प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आकडी पत्ता असतो. वाटेतील राउटर तो वाचून पॅकेट पुढे धाडतात आणि मुक्कामी हे तुकडे पुन्हा क्रमाने जुळविले जातात.

राउटर मुख्यतः पत्ता पाहतो, आतील मजकुराची पारख करीत नाही. त्यामुळे ज्या वाटेने शासकीय परिपत्रक येते, त्याच वाटेने विघातक प्रोग्रॅमही येऊ शकतो. ठरवून दिलेल्या नियमांनुसार ये-जा रोखणारा पहारेकरी म्हणजे फायरवॉल. मात्र आतल्याच माणसाने दार उघडून दिले, तर पहारेकऱ्याचा उपयोग मर्यादित ठरतो.

न्हावा-शेवा येथील धडा

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विघातक प्रोग्रॅम युक्रेनमध्ये पसरला. तेथील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तो संगणकांत शिरला होता. डेन्मार्कची जहाजवाहतूक कंपनी मर्स्क त्याच्या तावडीत सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेल्या, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने सज्ज करावे लागले.

विंडोजमधील ज्या दोषाचा फायदा या प्रोग्रॅमने घेतला, त्याची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झालेली होती. शिवाय एका संगणकातून चोरलेले पासवर्ड वापरून तो दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरत असे. कंपनीच्या जाळ्याची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी घानामधील एक तेवढा वाचला. कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. तेथे जे योगायोगाने घडले, ते आपण योजनापूर्वक केले पाहिजे.

कार्यालयात काय करावे?

सॉफ्टवेअरची अद्ययावत दुरुस्ती वेळच्या वेळी करून घ्यावी. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. प्रत्येक कर्मचाऱ्याचा पासवर्ड स्वतंत्र असावा आणि शक्य तेथे दुहेरी पडताळणी ठेवावी. अभ्यागतांसाठीचे वाय-फाय कार्यालयीन जाळ्यापासून वेगळे असावे. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत जाळ्याला न जोडलेल्या डिस्कवर ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे.

ग्रामपंचायतीची देयके ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीतून डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. या स्वाक्षरीची किल्ली व तिचा पिन दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देण्यासारखेच होय. सोयीसाठी पडलेली ही सवय कटाक्षाने मोडावी.

संगणक बाधित झाल्याची शंका येताच त्याची नेटवर्क केबल काढावी, वाय-फाय बंद करावे आणि वरिष्ठांना कळवावे. २०२२ च्या निर्देशांनुसार अशा गंभीर घटनांची माहिती ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला ६ तासांच्या आत देणे शासकीय संस्थांवरही बंधनकारक आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. चूक लपविण्यात गेलेला प्रत्येक तास शेजारच्या कार्यालयाचा धोका वाढवितो. म्हणून वेळीच कळविणाऱ्यास दोष न देता त्याच्या तत्परतेची कदर करणे, हेही कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य आहे.