खापरोळी, घावन आणि चॉकलेट पिझ्झा

चॉकलेट पिझ्झा दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात यीस्टने फुगवलेल्या मैद्याची गोल पोळी भाजतात आणि टोमॅटोच्या सॉसऐवजी तिच्यावर चॉकलेटचा थर देतात. दुसऱ्या प्रकारात पीठ नसतेच. वितळवलेले चॉकलेट गोल साच्यात ओतून त्यावर सुका मेवा पेरतात आणि चीजसारखा दिसावा म्हणून पांढऱ्या चॉकलेटचा कीस भुरभुरवतात. हा पिझ्झा म्हणजे पिझ्झाच्या रूपातली चॉकलेटची वडी. जेवणानंतर गरम खायचा गोड पदार्थ म्हणून विचार करायचा तो पहिल्या प्रकाराचा.

या पिझ्झाला बळ मिळाले ते भाकरीला लावता येईल अशा मऊ चॉकलेटमुळे. इटलीच्या पिएमोन्ते प्रांतात हेझलनट भरपूर पिकते. दुसऱ्या महायुद्धानंतर कोकोची टंचाई असताना आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरो यांनी 1946 मध्ये हेझलनट आणि थोडा कोको यांची वडी बाजारात आणली. पुढे त्याच घराण्याने 1964 मध्ये न्यूटेला काढले आणि भाजलेल्या पिठावर ते लावून खाण्याची पद्धत इटलीबाहेरही पोहोचली. ब्राझीलमध्ये इटालियन स्थलांतरितांनी पिझ्झा नेला. तिथे साओ पाउलोत चॉकलेटचे किंवा केळे-दालचिनीचे गोड पिझ्झे जेवणाच्या शेवटी सर्रास खातात. भारतात पिझ्झाच्या मोठ्या साखळ्या 1996 मध्ये आल्या. अहमदाबादच्या माणेक चौकात तर ब्रेडमध्ये किसलेले चॉकलेट भरलेले सँडविच रात्रीच्या खाण्याचा भागच झाले आहे.

गोल, भाजलेल्या पदार्थाला गोडाची जोड देणे कोकणाला नवे नाही, आणि नारळाच्या वाड्यांनी भरलेल्या रायगडच्या किनाऱ्यालाही नाही. तांदूळ, उडीद आणि हरभऱ्याची डाळ, पोहे व मेथी भिजवून वाटतात, पीठ रात्रभर आंबवतात आणि त्याची जाडसर खापरोळी झाकण ठेवून एकाच बाजूने भाजतात. पूर्वी ती मातीच्या खापरावर होत असे, म्हणून हे नाव. ती खातात नारळाच्या गोड रसाबरोबर. गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटले असते. घावन तांदळाच्या पातळ पिठाचे, जाळीदार. घाटले नारळाचा रस, गूळ आणि तांदळाचे पीठ यांचे.

खापरोळी आणि चॉकलेट पिझ्झा यांचे तंत्र मुळात एकच आहे. दोन्हींत पीठ आंबते आणि त्यातल्या वायूने फुगते. तो वायू इथे उडदाच्या चिकटपणामुळे धरून राहतो, तिथे मैद्यातल्या ग्लुटेनमुळे. भाजल्यावर जी जाळी पडते तीच गोड रस किंवा वितळलेले चॉकलेट शोषून घेते. दुसरे साम्य अधिक महत्त्वाचे आहे: भाजणी आधी, गोड मागाहून. नारळाचा दाट रस खळखळून उकळला की फुटतो, कारण पाण्यात मिसळून राहिलेले तेल वेगळे होते. म्हणून खापरोळीचा रस उकळत बसत नाहीत, वाढताना घालतात. चॉकलेटचेही असेच आहे. त्यातले कोको बटर सुमारे 34 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे तोंडातली ऊबसुद्धा पुरते. दुधाचे चॉकलेट 45 अंशांच्या फार पुढे गेले की घट्ट, रवाळ होऊ लागते. पिझ्झा भाजायला मात्र घरच्या ओव्हनमध्येही 220 अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे चॉकलेट लावून पिझ्झा भट्टीत घातला तर पोळी भाजेपर्यंत वरचा थर करपून कडू होतो.

घरी ओव्हन नसला तरी जाड बुडाच्या तव्यावर हा पिझ्झा होतो. मैद्यात यीस्ट, कोमट दूध, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि लोणी घालून पीठ मऊ मळावे व दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावे. जाडसर पोळी थापून काट्याने टोचावी, मंद आचेवर झाकण ठेवून भाजावी, मग उलटावी. तवा उतरवला की गरम पोळीवर चॉकलेटचे बारीक तुकडे पसरून दोन मिनिटे झाकावे. आतल्या उष्णतेनेच ते वितळते आणि चमच्याच्या पाठीने सारखे करता येते. झाकणाला धरलेले पाणी आधी पुसून घ्यावे. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेटचा गोळा होतो. तसे झाल्यास दोन-तीन चमचे गरम दूध किंवा साय घालून ढवळावे, म्हणजे त्याचा मऊ सॉस होतो.

वरून घालायला किनाऱ्यावरचेच जिन्नस शोभतात: भाजलेला काजू, मंद आचेवर परतलेला ओल्या खोबऱ्याचा कीस, वेलची केळ्याच्या चकत्या. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या हापूसच्या क्षेत्रात रायगड जिल्हाही आहे, त्यामुळे उन्हाळ्यात आंब्याच्या फोडीही घालता येतात. आंब्याचा आंबट-गोड स्वाद कोकोच्या कडवटपणाला उठाव देतो. फोडी टिपून कोरड्या कराव्यात आणि चॉकलेट जरा निवल्यावरच ठेवाव्यात.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत चॉकलेट सांभाळावे लागते. फ्रिजमधून काढलेल्या वडीवर हवेतला ओलावा जमतो, वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरट थर उरतो. तो बुरशीचा नसतो. वडी हवाबंद डब्यात ठेवून, डब्यासकट बाहेरच्या तापमानाला येऊ दिली की हे टळते. साच्यातला, पिठाविना केलेला पिझ्झा इथल्या उन्हाळ्यात लवकर मऊ पडतो. कोको बटरऐवजी वनस्पती तेल वापरलेले कंपाउंड चॉकलेट त्यामानाने टिकते, पण जिभेवर तितके अलगद विरघळत नाही. पोळीचा पिझ्झा मात्र साठवायचा पदार्थच नाही. दुसऱ्या दिवशी पोळी वातड होते, म्हणून खापरोळीसारखाच तोही तव्यावरून थेट ताटात यावा.